उंचीचा आकडा आणि पायाखालचा खडक

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून बंगळूरला आलेला गिरिप्रेमी पहिल्या मोकळ्या रविवारी नकाशा उघडतो. चिक्कबळ्ळापूरजवळचा स्कंदगिरी सुमारे १,४५० मीटर उंच, मागडीजवळचा सावनदुर्ग १,२२६ मीटर. साहजिकच सावनदुर्ग सोपा, असे तो ठरवून टाकतो. हा हिशेब चुकीचा आहे.

स्कंदगिरीची वाट माती, सुटे दगड व झुडपे यांतून चढते. दम लागतो, परंतु पाऊल टेकवावयास जागा मिळते. सावनदुर्ग म्हणजे ग्रॅनाइटचा उघडाबोडका घुमट. सह्याद्रीतील बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांनी बनला असल्याने त्याच्या कड्यांना टप्पे पडतात. शिवाय कित्येक गडांवर कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत. ग्रॅनाइटचे मात्र कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मागे गुळगुळीत उतार उरतो. तेथे बुटाच्या तळव्याची पकड हाच काय तो आधार. हरिश्चंद्रगड-राजगडाचा अनुभव येथे अर्धाच कामी येतो. (१७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेईपर्यंत हा दुर्ग अजिंक्य मानला जाई, ते उगीच नव्हे!)

कोरड्या खडकावर बूट चांगला धरतो. एक सर येताच तोच खडक निसरडा होतो. चढताना उतार डोळ्यांसमोर असतो, उतरताना पुढचा भाग वळणाआड जातो, आणि वाट चुकते ती तेव्हाच. म्हणून नवख्याने आधी वनखात्याच्या परवानगीची चौकशी करून स्कंदगिरी करावा. सावनदुर्गास कोरड्या हवेत, पहाटे, वाट जाणणाऱ्याच्या सोबतीने जावे.