फ्रूम नगराची निवडणूक

प्रस्तावना

निवडणूक म्हटली की लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक डोळ्यांसमोर उभी राहते. मोठ्या सभा, मोठे नेते आणि रात्रीपर्यंत चालणारी निकालाची चर्चा आठवते. परंतु गल्लीतील गटार, मुलांचे मैदान, सार्वजनिक उद्यान यांविषयीचे निर्णय ज्या लहानशा सभागृहात होतात, तेथील निवडणुकीकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. ही उदासीनता एकाच देशापुरती नाही. संसदीय लोकशाहीची दीर्घ परंपरा असलेल्या इंग्लंडमध्येही स्थानिक निवडणूक स्वतंत्रपणे झाली, तर साधारणतः तीन मतदारांपैकी एकच जण मतदान करतो. अशा देशातील फ्रूम या लहान नगराने २०११ मध्ये वेगळी वाट धरली. त्या निवडणुकीची ओळख या पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• इंग्लंडमधील नगरपरिषदेची रचना व कामे सांगता येतील;
• तेथील मतदानाची पद्धत स्पष्ट करता येईल;
• स्थानिक निवडणुकीत उमेदवार आणि मतदार या दोघांचेही महत्त्व विशद करता येईल.

मूळ पाठ

१. नगर आणि नगरपरिषद

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. त्याच्या पूर्व टोकाला, बाथ या प्रसिद्ध शहराच्या दक्षिणेस फ्रूम वसले आहे. एकेकाळी लोकरी कापडाच्या व्यवसायावर हे नगर भरभराटीला आले. चढउताराच्या दगडी गल्ल्या आणि चीप स्ट्रीट या अरुंद रस्त्याच्या मधोमध वाहणारा पाण्याचा पाट ही त्याची ओळख. २०२१ च्या जनगणनेनुसार येथील लोकवस्ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास होती.

फ्रूमच्या कारभारात २०११ च्या सुमारास तीन पायऱ्या होत्या. शाळा, मोठे रस्ते, ग्रंथालये ही कामे परगण्याच्या परिषदेकडे. कचरा, घरबांधणीची परवानगी ही कामे जिल्हा परिषदेकडे. आणि सर्वांत खाली नगरपरिषद. पुढे १ एप्रिल २०२३ रोजी वरच्या दोन पायऱ्या एकत्र करून सॉमरसेटसाठी एकच परिषद स्थापण्यात आली. नगरपरिषद मात्र कायम राहिली. तिच्या अधिकारात उद्याने, क्रीडांगणे, सभागृहे अशा गोष्टी येतात. नव्या बांधकामांच्या प्रस्तावांवर ती आपले मत कळवू शकते, पण अंतिम निर्णय तिच्या हाती नसतो. घरोघरी आकारल्या जाणाऱ्या स्थानिक करातील काही वाटा तिला मिळतो. अधिकार थोडे, पैसा थोडा; म्हणूनच अशा परिषदेत लक्ष घालावे असे फारसे कोणाला वाटत नसे.

२. निवडणुकीची पद्धत

फ्रूमच्या नगरपरिषदेत १७ सदस्य असतात. नगराचे प्रभाग पाडलेले असून एका प्रभागातून एकाहून अधिक सदस्य निवडले जाऊ शकतात. जितक्या जागा, तितक्या उमेदवारांना मतदार मत देऊ शकतो. उमेदवारी अर्जावर सूचक आणि अनुमोदक अशा दोन मतदारांच्या सह्या पुरेशा असतात. अनामत रक्कम भरावी लागत नाही. थोडक्यात, सामान्य नागरिकाला उमेदवार होण्याची वाट मोकळी आहे.

मतदान बहुधा मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होते. सकाळी सात ते रात्री दहापर्यंत केंद्र उघडे असते. शाळा, चर्चचे सभागृह, क्वचित एखादी पानगृहाची खोलीही त्या दिवशी मतदान केंद्र बनते. तेथे यंत्र नसते आणि बोटाला शाईही लावली जात नाही. कागदी मतपत्रिकेवर पसंतीच्या नावापुढे फुली मारायची आणि ती पेटीत टाकायची, एवढाच विधी. पूर्वी मतदाराला केवळ नाव व पत्ता सांगावा लागे. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे सक्तीचे झाले. राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक तेथे रीतसर वास्तव्य करतात, त्यांनाही मतदार म्हणून नाव नोंदवता येते. त्यामुळे तेथे राहणारे भारतीय नागरिकही या निवडणुकीत मत देऊ शकतात.

परंतु जितक्या जागा, तितकेच उमेदवार असले तर मतदान होतच नाही. सर्व जण बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होते. उमेदवार त्याहूनही कमी असले, तर उरलेल्या जागांवर परिषद स्वीकृत सदस्य घेऊ शकते. कायद्याच्या दृष्टीने यात काहीच चुकीचे नाही. पण ज्याने मतच दिले नाही, तो जाब तरी कोणत्या अधिकाराने विचारणार? इंग्लंडमधील अनेक लहान परिषदांपुढे हा प्रश्न उभा राहत आला आहे.

३. नागरिक उमेदवार होतात

२०११ मध्ये फ्रूममधील काही नागरिक एकत्र आले. राष्ट्रीय पक्षांचे वाद नगराच्या परिषदेत कशासाठी आणायचे, असा त्यांचा प्रश्न होता. उद्यानाची निगा राखण्यात उजवे-डावे काय असते? त्यांनी ‘इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम’, म्हणजे फ्रूमसाठी अपक्ष, असा गट उभारला आणि सर्व १७ जागांसाठी उमेदवार दिले. गटाने पक्षादेशाची प्रथा ठेवली नाही. प्रत्येक सदस्याने स्वतःच्या विवेकाने मत द्यावे, आपले मत चुकीचे ठरले तर ते मान्य करण्याचे धैर्य दाखवावे, सहकाऱ्यावर विश्वास ठेवावा, अशी वागणुकीची सूत्रे त्यांनी मान्य केली.

५ मे २०११ रोजी मतदान झाले. १७ पैकी १० जागा या गटाला मिळाल्या आणि परिषदेची सूत्रे त्याच्या हाती आली. ७ मे २०१५ रोजी पुन्हा मतदान झाले, तेव्हा १७ पैकी १७ जागा अपक्षांनी जिंकल्या. त्याच दिवशी ब्रिटनच्या संसदेचीही निवडणूक होती. फ्रूम ज्या संसदीय मतदारसंघात होते, तेथून हुजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. संसदेसाठी पक्ष पाहायचा आणि नगरासाठी शेजारी पाहायचा, असा विवेक पुष्कळ मतदारांनी केला असला पाहिजे. २०१९ मध्येही सर्व १७ जागा याच गटाकडे राहिल्या.

या काळात परिषदेच्या पाठबळाने काही उपक्रम सुरू झाले. २०१५ मध्ये ‘शेअर’ नावाचे दुकान उघडले. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे, तशी तेथून हत्यारे व घरगुती उपकरणे वापरायला नेता येतात. २०१६ मध्ये सार्वजनिक शीतकपाट ठेवण्यात आले. शिल्लक राहिलेले चांगले अन्न कोणीही तेथे ठेवावे आणि कोणीही न्यावे. गटाच्या संस्थापकांपैकी पीटर मॅकफॅडियन यांनी २०१४ मध्ये ‘फ्लॅटपॅक डेमॉक्रसी’ हे पुस्तक लिहिले. ते वाचून इतर नगरांतील नागरिकांनीही असे प्रयत्न केले.

अर्थात, या यशाला दुसरी बाजूही आहे. सर्व जागा एकाच गटाकडे गेल्या की सभागृहात विरोधी आवाज उरत नाही. पक्षादेश नसला, तरी समविचारी माणसे सहज एकमेकांना दुजोरा देतात. अशा वेळी परिषदेला प्रश्न विचारण्याची जबाबदारी सभागृहाबाहेरच्या नागरिकांवर येते. मत देऊन घरी परतलेल्या नागरिकाचे काम तेथे संपत नाही.

४. एका मताचे मोल

‘माझ्या एका मताने काय होणार?’ हा उदासीन मतदाराचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर ईशान्य इंग्लंडमधील ब्लाइद या नगराने २०१७ मध्ये दिले. नॉर्थम्बरलँड परगण्याच्या परिषदेच्या निवडणुकीत साउथ ब्लाइद प्रभागातील दोन प्रमुख उमेदवारांना समसमान मते पडली. फेरमोजणीनंतरही बरोबरी सुटली नाही. अशा प्रसंगी कायद्याप्रमाणे निकाल नशिबावर सोपवावा लागतो. दोघांनी एकेक काडी ओढली आणि हुजूर पक्षाचा उमेदवार हरला. त्या पक्षाला परिषदेच्या ६७ पैकी ३३ जागा मिळाल्या होत्या. स्पष्ट बहुमतासाठी नेमकी एक जागा कमी पडली. घरी बसलेल्या एखाद्या मतदाराने मत दिले असते, तर संपूर्ण परगण्याचा निकाल काडीवर अवलंबून राहिला नसता.

फ्रूम आणि ब्लाइद या दोन नगरांची उदाहरणे एकमेकांना पूरक आहेत. मतदार आला नाही, तर निकाल योगायोगावर जातो. आणि उमेदवारच पुढे आला नाही, तर मतदाराला निवडीची संधीच मिळत नाही. स्थानिक लोकशाही या दोघांच्या पावलांवर उभी असते.

शब्दार्थ

उदासीनता – आस्था नसणे. बिनविरोध – प्रतिस्पर्धी नसताना. अनामत – ठेव म्हणून भरलेली रक्कम. स्वीकृत सदस्य – निवडणुकीशिवाय परिषदेने घेतलेला सदस्य. पक्षादेश – अमुक बाजूने मत द्यावे असा पक्षाचा हुकूम. पूरक – उणीव भरून काढणारे.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) फ्रूमच्या नगरपरिषदेत ______ सदस्य असतात.
(आ) २०११ मध्ये अपक्षांच्या गटाला ______ जागा मिळाल्या.
२. मतदान न होताच उमेदवार केव्हा निवडून येतात?

स्वाध्याय

१. ‘संसदेसाठी पक्ष पाहायचा आणि नगरासाठी शेजारी पाहायचा’ या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
२. सर्व जागा एकाच गटाला मिळणे नगराच्या हिताचे आहे काय? दोन्ही बाजू मांडा.
३. उपक्रम : तुमच्या प्रभागातील किंवा ग्रामपंचायतीतील मागील निवडणुकीत किती उमेदवार उभे होते आणि विजयी उमेदवार किती मतांनी निवडून आला, याची माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.