ऊस वाहतुकीचा ट्रक आणि आयकरातील वजावट

घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर शिरूर व दौंड तालुक्यांत ऊस वाढला, त्याबरोबर ऊस वाहणारी वाहनेही वाढली. हंगामात कारखान्याची वाहतूक, उन्हाळ्यात कांदा, एरवी रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक क्षेत्रातील भाडी, असा ट्रकचा वर्षक्रम या भागातील अनेक बागायतदारांकडे दिसतो. पिकाचा एकरी खर्च तोंडपाठ असणारे शेतकरीही ट्रकचा हिशोब मात्र शेतीच्याच वहीत मिसळतात. एका शिवारफेरीत मी खोडवा व्यवस्थापनावर बोललो. पहिला प्रश्न आला तो पाचटाचा नव्हता. "सर, ट्रकचा घसारा उसाच्या पैशातून वजा होतो का?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. कृषिविद्या शिकविणाऱ्याचा हा विषय नव्हे. तरी नंतर वाचून आणि सनदी लेखापालांना विचारून जे समजले ते येथे देत आहे.

शेती वेगळी, भाडे वेगळे

प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. जेथे करच नाही तेथे वजावट कशातून करणार? स्वतःचा ऊस स्वतःच्या ट्रकने नेला तर तो शेतीचा खर्च झाला आणि तेथेच संपला. परंतु शेजाऱ्याचा ऊस कारखान्याशी करार करून वाहिला की मिळणारे भाडे हे व्यवसायाचे उत्पन्न होते. घसारा, डिझेल, चालकाचा पगार, टायर, विमा व कर्जावरील व्याज ही वजावट फक्त या भाड्यातूनच मिळते. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल मात्र खर्चात धरता येत नाही. येथे बरेच जण चुकतात.

ढोबळ हिशोबाची सोय

लहान वाहनमालकाला वह्या ठेवणे जड जाते, म्हणून १९९४ साली आयकर कायद्यात ४४एई हे कलम घालण्यात आले. वर्षात कोणत्याही वेळी दहापेक्षा जास्त मालवाहू वाहने मालकीची नसतील तर या कलमाखाली ठरावीक रक्कम नफा म्हणून दाखविता येते. एकूण भारित वजन १२,००० किलोपेक्षा जास्त असेल तर दर टनास दरमहा १,००० रुपये आणि त्यापेक्षा हलक्या वाहनास दरमहा ७,५०० रुपये असा हा दर आहे. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ ने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, हे दर व हिशोबाची पद्धत तीच राहिली.)

उदाहरणार्थ, नोंदणी पुस्तकात १८,५०० किलो भारित वजन असलेला ट्रक घेऊ. दरमहा १८,५०० याप्रमाणे बारा महिन्यांचा नफा २,२२,००० रुपये होतो. वर्षभर मालकीच्या छोट्या टेम्पोचा ९०,००० रुपये होतो. प्रत्यक्ष मिळकत याहून जास्त झाली असेल तर ती दाखवावी.

आपल्या भागातील मालकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे महिने ट्रक धावल्याचे नव्हेत, मालकीचे मोजले जातात. गाळप मार्चमध्ये संपले आणि ट्रक पावसाळाभर गोठ्याशेजारी उभा राहिला तरी ते महिने धरले जातात. महिन्याचा काही भागच मालकी असेल तरी तो पूर्ण महिना होतो. कर्ज फिटलेले नाही म्हणून ट्रक आपला नाही, असेही म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष नफा याहून कमी असेल तर कमी दाखविता येतो, पण त्यासाठी वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. घसारा वेगळा मागण्याचा प्रश्न येतो तो येथेच.

घसाऱ्याचे गणित आणि दसऱ्याचा मुहूर्त

भाड्याने चालणाऱ्या ट्रकला दरवर्षी घटत्या किमतीवर ३० टक्के घसारा मिळतो. तोच ट्रक स्वतःच्या दुकानाचा किंवा कारखानदारीचा माल वाहण्यापुरता असेल तर १५ टक्के मिळतो. विकत घेतल्याच्या वर्षी वाहन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्माच घसारा मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजले तर साधारण वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी नोंदणीसह ट्रक कामाला लागला असेल तर ३० लाखांच्या किमतीवर ९ लाख घसारा बसतो. पाडव्याला, २२ ऑक्टोबरला घेतलेल्या ट्रकला साडेचार लाखच. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे दसराच २० ऑक्टोबरला येतो. अर्थात निम्मा घसारा बुडत नाही. तो शिल्लक किमतीत राहतो व पुढील वर्षांत मिळतो.

तरी माझे मत असे की, एक-दोन ट्रकवाल्याने घसाऱ्याच्या मागे धावू नये. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि निवासी व्यक्तीचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे नेहमीच्या दराचा करही शून्यावर येतो. ज्याला मुळात करच नाही त्याने ९ लाखांची वजावट मिळविण्यासाठी लेखापरीक्षणाचा खर्च का करावा?

ही सवलत एकत्र कुटुंबाला मात्र नाही. ट्रक एकत्र कुटुंबाच्या नावे असतील तर शेतीचे उत्पन्नही दर ठरविण्यासाठी मिळविले जाते. अशा कुटुंबाचे दोन ट्रकचे ४,४४,००० आणि उसाचे ६ लाख उत्पन्न असेल तर कर २,२०० ऐवजी ४,४०० रुपये होतो, उपकर वेगळा. शेतीवर कर लागला असे वाटते, पण लागतो तो भाड्यावरच, वरच्या दराने.

जुना ट्रक विकताना

४४एई खाली घसारा मागितला नाही म्हणून किंमत जागेवर राहते असे समजू नये. कायदा तो दिला गेला असे धरतो. २० लाखांचा ट्रक पाच पूर्ण वर्षांनी हिशोबात सुमारे ३,३६,००० रुपयांचा उरतो. तो पुढच्या वर्षी ८ लाखांना विकला आणि दुसरे वाहन नसेल तर ४,६४,००० रुपयांचा अल्पकालीन भांडवली नफा होतो. त्यावर कर लागेलच असे नाही, पण वर्षाचे विवरणपत्र भरावेच लागते. ३१ मार्चपूर्वी त्याच प्रकारचा दुसरा ट्रक घेऊन कामाला लावला तर त्याची किंमत यात मिळते आणि हा प्रश्न पुढे जातो.

कारखान्याकडे द्यावयाचे पत्र

दहा किंवा त्यापेक्षा कमी वाहने असल्याचे लेखी निवेदन व पॅन क्रमांक हंगामापूर्वी दिल्यास वाहतूक बिलातून आयकर कापला जात नाही. एरवी एक टक्का कापतात, पॅन नसेल तर वीस टक्के. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. तोडणीवर कमिशन मिळत असेल तर ते वाहनभाडे नव्हे. ते वेगळे दाखवावे.

बाजार समितीतून आणलेली रोकड विक्रेत्याला देऊन ट्रकची अनामत भरण्याची पद्धत आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेली रक्कम वाहनाच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसाराही नाही. धनादेश किंवा बँकेतून रक्कम द्यावी. मुकादमाला दिलेली उचलही बँकेतूनच द्यावी. टोळी आली नाही तर वह्या ठेवणाऱ्या मालकाकडे तोटा दाखविण्यास निदान कागद असतो, ढोबळ पद्धतीत तोही वेगळा मागता येत नाही.