मोसंबीची साल आणि तुझा डावा हात

अगं, ऑपरेशनात नुसता कॅमेराच धरायला दिला म्हणून डोळ्यांत पाणी कशाला? पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनात, त्यापलीकडे काही मिळत नाही, हे सगळीकडेच आहे. आणि खरं सांगू, पेशंटच्या पोटात हात बसवायचाच नसतो. तो घरून बसवून जायचा.

लाखो रुपयांचा सिम्युलेटर जालन्यात कुठून आणू, असं म्हणू नकोस. कपडे ठेवायचा प्लास्टिकचा मोठा डबा घे. झाकणाला मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरतं भोक, दोन्ही बाजूंना हत्यारांसाठी एकेक. आत एलईडीची पट्टी. भोकांवर जुन्या ग्लोव्हजचं रबर ताणून लाव, म्हणजे हत्यार थोडं अडेल. बाद झालेली मेरीलँड (वाकड्या टोकाचा चिमटा) आणि नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार) थिएटरच्या सिस्टरांकडे रीतसर माग, आणि ती परत थिएटरात नेऊ नकोस. मोबाइल टीव्हीला जोड. डब्यात डोकवायचं नाही.

सुरुवातीला डोकं फिरेल. टोक उजवीकडे न्यायचं तर मूठ डावीकडे न्यावी लागते, खोलीचा तर अंदाजच येत नाही. आधी राजम्याचे दाणे डाव्या हाताने उचल, अधांतरीच उजव्याकडे दे, पलीकडच्या वाटीत टाक. मग उलट. अमेरिकेतल्या एफएलएस या लॅप्रोस्कोपीच्या परीक्षेत हेच सहा तुकड्यांवर करतात, तयारीसाठी 48 सेकंदांचं लक्ष्य धरतात. तू इतक्यात घड्याळ लावू नकोस, घाईत वाईट सवयी पक्क्या होतात.

मग मोसंबी. आपल्याकडे तिला काय तोटा! संत्र्याची साल सैल असते, फसवते. मोसंबीची चिकटून बसते. यकृतावरून पित्ताशय सोडवताना असाच थर शोधत जावं लागतं. डाव्या हाताने साल ताणून धर, उजव्याने थोडं थोडं सोडव. रस आला की समज, थर चुकला. बहुतेकांचं अडतं ते डाव्या हातापाशी. बघून शिकायला कोणी नाही, असंही म्हणू नकोस. 1990 मध्ये डॉ. तेहेमतन उदवाडियांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा बघून शिकायला देशात आधीचं एकही असं ऑपरेशन नव्हतं. तुझ्याकडे तर बघायला मोबाइल आहे.

आता एक, जे सर सांगणार नाहीत. तुझा ग्लोव्ह सहा नंबरचा आणि हत्यारांच्या मुठी मोठ्या हातांच्या मापाच्या. अंगठा रिंगमध्ये पार खुपसलास की बधिर होतो. फक्त पुढचं पेर घाल. मूठ कोपराच्या पातळीला यायला हवी, म्हणून टेबल खाली घ्यायला सांग. नाही घेतलं तर पायाखाली स्टूल माग. लाजायचं काय त्यात? उंच मुलाने टेबल वर करून घेतलंच असतं ना!

डब्यात रक्त येत नाही, आणि कुठे थांबून पोट उघडायचं हेही तो सांगत नाही. ते मोठ्यांच्या शेजारी उभं राहूनच कळेल. तोवर रेकॉर्डिंग मला पाठवत जा. डाव्या हाताचं आधी.