स्कॅनरला पंखा दिसत नाही

“मॅडम, क्लच दाबून चालवायची सवय आहे का?” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मोटरसायकल सिग्नलला तापते, टेम्परेचरचा लाल दिवा लागतो आणि रेडिएटरचा पंखा सुरू झाल्याचा आवाज येत नाही, एवढं मी स्पष्ट सांगितलं होतं. जॉबकार्डावर मात्र उतरलं ‘ओव्हरहीटिंग चेक करणे’. पंख्याचा उल्लेखच नाही. मी म्हटलं, पंख्याचं लिहा. त्यावर तो ॲडव्हायझर हसला आणि म्हणाला, “ते आमचे टेक्निशियन बघतात, मॅडम.”

मी आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या मुलांना शिकवते. मोटर का फिरत नाही, हे शोधायला शिकवणं हे माझं रोजचं काम. हे मी काउंटरवर सांगितलं नाही. गाडी कशी वागते हे ऐकून घ्यायला गिऱ्हाइकाचा हुद्दा कळावा लागत असेल, तर ते सेंटर कशाला उघडलंय?

लक्षण अगदी सरळ होतं. संध्याकाळी सिंहगड रोडच्या रांगेत अडकलं की टेम्परेचरचे बार चढत जायचे. तीच गाडी बायपासला लागून पन्नास-साठच्या वेगाने धावायला लागली की बार खाली. लिक्विड कूल्ड गाडीत याचा अर्थ जवळजवळ ठरलेला असतो. कूलंट इंजिनातली उष्णता रेडिएटरपर्यंत आणतं, पण ती बाहेर टाकायला हवा लागते. धावत्या गाडीला ती समोरून फुकट मिळते, उभ्या गाडीला पंखा लागतो. उभी असताना तापून धावताना निवते, तर आधी पंख्याकडे बघायचं. हायवेलाही तापत असेल तर कूलंट कमी, पंप, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, हे सगळं आलं. एवढा फरक शोधायला काही उघडावं लागत नाही, फक्त गिऱ्हाइकाला “कधी तापते?” एवढं विचारावं लागतं.

त्यांनी कूलंट बदललं. बिल अकराशे. तापणं तसंच. मग थर्मोस्टॅट बदलला, मजुरीसकट अठराशे. आता थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नाही, मग गाडी उभी असो की धावती, तापणारच. माझी धावताना निवत होती, म्हणजे तो उघडत होता. हे मी बोलले. ॲडव्हायझर म्हणाला, “कंपनीची प्रोसिजर तशी आहे.”

पुढे जे झालं ते मला अजून सहन होत नाही. मी पंख्याचा हट्ट सोडेना, तेव्हा त्याने लॅपटॉप आणवला, स्कॅनर जोडला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “बघा, एकही एरर कोड नाही.” मग स्कॅनरवरूनच पंख्याला हुकूम दिला. पंखा घर्रकन फिरला. वेटिंगमध्ये बसलेल्या बाकीच्या लोकांकडे एकवार बघून घेत तो म्हणाला, “आता तरी खात्री पटली?” दोघेतिघे हसले. मी पैसे भरले, हेल्मेट घातलं आणि निघाले. राजाराम पुलाच्या अलीकडे लाल दिवा लागलेला होता.

त्यानंतरचं निदान ‘हेड गॅस्केट’. इंजिन खोलावं लागेल, अंदाजे चौदा हजार. गॅस्केट गेलं असेल तर कूलंटमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊन गोडसर वास येतो, ऑइल दुधाळ होतं, टाकीतलं कूलंट कारण नसताना घटतं. यातलं काय दिसलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, “घरी कोणाशी बोलून घ्यायचं असेल तर घ्या मॅडम, घाई नाही.” मी गाडी तशीच बाहेर काढली.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसले. इंजिन गार होतं. फ्यूज बघितला, शाबूत. रिलेच्या जागी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले लावून बघितला, फरक नाही. मग पंख्याचं कपलर सोडवलं आणि फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी मोटरला बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट दिले. पंखा फिरला. परत दिले, परत फिरला. एक क्षण मलाही त्या ॲडव्हायझरचा चेहरा आठवला. पण मोटर एकदा फिरते म्हणजे दर वेळी फिरेल असं नसतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं.

मीटर ओहमवर ठेवला, दोन्ही टोकं मोटरच्या वायरींना लावली आणि पातं बोटाने अगदी सावकाश फिरवायला लागले. एक ओहम, दीड, एक, सव्वा. आणि मग एका जागी आकडा गेला. उघडं सर्किट. पातं जरा पुढे सरकवलं, आकडा परत आला. आणखी फिरवलं, त्याच जागी परत गेला. बारा व्होल्ट त्या जागेवर दिले तर साधी थरथरसुद्धा नाही. पात्याला टिचकी मारली आणि पंखा सुसाट सुटला.

मोटरचे ब्रश झिजले होते. कम्युटेटरच्या एका भागावर ते टेकतच नव्हते. पंखा थांबताना जर नेमका त्या जागी थांबला, तर पुढच्या वेळी बारा व्होल्ट मिळाले तरी सुरू होणार नाही. दुसरीकडे थांबला तर सुरू होईल, एखादा खड्डा लागून जरासा हलला तरी होईल. म्हणून त्यांच्याकडे चालायचा आणि माझ्याकडे नाही. यात माझ्या क्लचचा काय संबंध?

आणि स्कॅनर? तो खोटं बोलत नव्हता. माझ्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिलेच्या कॉइलला हुकूम देतो आणि त्या कॉइलचं सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच त्याला कळतं. रिलेच्या पुढे मोटरकडे जाणारी जाड वायर, कपलर, ब्रश, पातं, यातलं काहीही त्याला दिसत नाही. रिले ‘टक्’ करून ओढला गेला की ईसीयूच्या लेखी पंखा चालू. बहुतेक गाड्यांत हे असंच असतं. ‘एरर नाही’ याचा अर्थ ‘बिघाड नाही’ असा घेणाऱ्या माणसाने लॅपटॉप बंद करून पात्याला बोट लावून बघावं. त्यांच्या टेक्निशियनला हे सुचलं असतं, बहुधा सुचलंही असेल, पण जॉबकार्डावर पंखाच नव्हता, तर तो कशाला बघेल?

ज्यांची गाडी रांगेत तापते त्यांच्यासाठी सांगते. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी ठेवून, तापमान चढू द्या आणि कान लावा. साधारण शंभर अंशांच्या आसपास पंखा सुरू व्हायला हवा, नेमका आकडा गाडीगणिक थोडा बदलतो. फ्यूज शाबूत असून रिलेची ‘टक्’ ऐकू आली आणि पंखा फिरला नाही, तर दोष रिलेच्या संपर्कात किंवा त्याच्या पुढे आहे. ‘टक्’च आली नाही तर मागे, म्हणजे सेन्सर, त्याची वायर, रिलेची कॉइल. अनेक गाड्यांत, सगळ्यांत नाही, कूलंटच्या सेन्सरचं कपलर काढलं की ईसीयू धोका नको म्हणून पंखा आपोआप लावतो. तसं झालं तर रिले आणि वायरिंग धड आहे, पंखाही निदान त्या वेळी फिरतोय, सेन्सरकडे बघा. गाडीच्या मीटरवर पिवळा दिवा लागेल, घाबरू नका.

कपलरवर मीटरने बारा व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली समजू नका. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या तारेवर तग धरलेली, हिरवट गंज चढलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. तो लख्ख पेटला तर वायर खरी. मिणमिणला तर अर्थिंगचा बोल्ट घासा, कपलरच्या पिना बघा. आमच्याकडे पावसाळ्यानंतर निम्मे बिघाड अर्थिंगचे निघतात.

ब्रशचा दोष पकडायचा असेल तर वर सांगितलं तेच, ओहम मीटर लावून पातं हाताने पूर्ण एक फेरा फिरवायचं. कपलर सोडवल्याशिवाय मात्र पात्यात बोट घालू नका. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही पंखा मध्येच सुरू होतो. आणि गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. ते माहीत आहे सगळ्यांना, तरी लोक उघडतात. त्या झाकणाच्या दाबामुळेच कूलंट शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही, दाब सोडला की ते एकदम उकळून तोंडावर येतं.

पंखा घ्यायला नाना पेठेत गेले. पहिल्या दुकानात नऊशेचा मिळत होता. त्यावर अँपिअरचा आकडा नाही, पात्यांची संख्या वेगळी, शिवाय कपलर कापून वायरी पिळाव्या लागल्या असत्या. पुढच्या दुकानातल्या काकांनी आधी जुना पंखा हातात घेतला, कानाशी धरून फिरवला आणि म्हणाले, “ताई, पाण्याच्या जेटने धुता का गाडी? हे त्याचंच आहे.” वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचा पाइप थेट रेडिएटरवर धरतो, पाणी मोटरमध्ये शिरतं, पत्र्याचे फिन्सही वाकतात. गाडी कुठे धुतली जायची? त्याच सर्व्हिस सेंटरमध्ये, दर सर्व्हिसिंगला, ‘कॉम्प्लिमेंटरी’. काकांनी पार्ट नंबर बघून ओरिजिनल मागवून दिला, सव्वीसशे रुपये.

बसवणं फार अवघड नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडायचं. माझ्या गाडीत टाकी थोडी उचलावी लागली, रेडिएटरचे दोन बोल्ट काढून तो पुढे कलवला, कूलंट काढावं लागलं नाही. पंखा तीन बोल्टवर असतो, दहाचा पाना. फिन्स हाताने दाबले जातात, म्हणून मध्ये पुठ्ठा धरा. वायर जुन्या वाटेनेच न्या, सायलेन्सरच्या पाइपजवळून नको. पातं होजला घासत नाही ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीला बाहेरच्या मेकॅनिकने पंखा बदलून दिला आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापायला लागली. वायरी उलट जोडल्या होत्या. डीसी मोटर उलटीही तितक्याच आनंदाने फिरते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर त्याने पुढची हवा इंजिनाकडे ओढायला हवी, इथे तो समोरच्या वाऱ्याशीच झगडत होता. बसवून झाल्यावर रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कपटा धरा. जाळीला चिकटला तर बरोबर, उडाला तर उलट.

डायरेक्ट बटण लावून देणारे भेटतील. अडचणीच्या वेळी ठीक, पण फ्यूज आणि रिले नसलेलं बटण म्हणजे वायरिंग जळायची सोय. बटण चालू राहिलं की सकाळी बॅटरी बसलेली. बाकी कूलंटची पातळी दर महिन्याला बघा, वेगवेगळ्या रंगांची कूलंट मिसळू नका, मॅन्युअल वाचा.

जुना पंखा, मीटरचा व्हिडिओ आणि बिलं घेऊन मी सेंटरवर गेले. ॲडव्हायझरने व्हिडिओ पाच सेकंद पाहिला. “बाहेर उघडलंत म्हणजे आता आमची जबाबदारी राहत नाही.” मी म्हटलं, जबाबदारी नकोच, माझा जुना थर्मोस्टॅट द्या. “तो स्क्रॅपमध्ये गेला.” मॅनेजर आले, त्यांनी चहा विचारला आणि पुढच्या सर्व्हिसिंगवर दहा टक्के सवलतीचं कूपन दिलं. कूपन अजून ड्रॉवरमध्ये आहे, मुदत संपली.

म्हणून, गाडी देतानाच जॉबकार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘उभ्या गाडीत पंखा सुरू होत नाही’ असं, आणि सहीपूर्वी फोटो काढा. ‘जुने पार्ट परत हवेत’ हेही त्यावरच लिहा. नंतर मागितले की ते स्क्रॅपमध्येच गेलेले असतात. महागड्या अंदाजपत्रकावर, कोणत्या चाचणीवरून हे ठरलं, ते लेखी मागा. देत नसतील तर गाडी उचला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, सदोष सेवा ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसणारी तक्रार आहे. मी केली. त्यानंतर थर्मोस्टॅटचे पैसे परत आले, कूलंटचे नाही.

दुसऱ्याच आठवड्यात फोन आला, “मॅडम, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती गुण द्याल?” मी दोन म्हटलं. दहा मिनिटांत त्याच ॲडव्हायझरचा फोन. आवाज एकदम मऊ. “मॅडम, नऊच्या खाली आलं की आमचा इन्सेन्टिव्ह कापतात हो, परत फोन आला तर जरा दहा सांगा ना.” मी विचारलं, पंख्याचं जॉबकार्डावर का लिहिलं नव्हतं? तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, तिकडे सिस्टीममध्ये पंख्याचा ऑप्शनच नाही.”

परत फोन आला. मी दोनच सांगितलं.