स्टिअरिंग बॉक्स: रिबिल्ड करायचा की नवा टाकायचा?

जुनी 407 येते, ड्रायव्हर म्हणतो, "दादा, स्टिअरिंगला प्ले आलाय." लगेच नवा बॉक्स आणायला नाना पेठेत पळू नका.

आधी दोष कुठे आहे ते बघा. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खालून बघायचं. बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म जागेवरच, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतोय पण चाक नाही, तर ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड तपासा.

आता बॉक्स खोला. फक्त सील, बेअरिंग, बुश गेलंय? किट टाकून रिबिल्ड करा. वर्म किंवा सेक्टर शाफ्टला खड्डे, चिरा दिसल्या तर बदला. वेल्डिंग अजिबात नाही.

गाडी जास्त वेळ सरळ चालते, म्हणून झीज मधल्या दातांवर होते. ॲडजस्टिंग स्क्रू आवळला की मधला प्ले जातो, पण वळणावर स्टिअरिंग अडकतं. सुरुवातीला मीही असाच स्क्रू आवळून गाडी दिली होती. ड्रायव्हर दिवे घाटातून परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक. पैसे परत केले, धडा घेतला.

हिशोब असा करा. समजा रिबिल्ड 4,000, नवा 10,000. फरक 6,000. रिबिल्डला गाडी दोन दिवस जास्त उभी राहणार, रोजची कमाई 2,000. मग खरा फरक उरला फक्त 2,000.

दोन्ही आकडे ग्राहकाला लिहून द्या, झिजलेला पार्ट हातात द्या. पैशाचा निर्णय त्याचा. पण खड्डे पडलेला शाफ्ट परत बसवायचा नाही, हा निर्णय आपला.