स्पोर्ट्स कारमधील रस्त्याचा आवाज : कारण आणि निवारण

आमच्या निवासी शाळेत शिकून आज बँकेत अधिकारी झालेला एक माजी विद्यार्थी मध्यंतरी आपली स्पोर्ट्स कार घेऊन शाळेच्या आवारात आला. गाडी दोन आसनांची, कोणी तरी वापरून विकलेली, पण डौलदार. आम्हाला बसवून त्याने महामार्गावर एक फेरी मारली. परतल्यावर तो म्हणाला, "सर, गाडी पळते छान, पण आत आईशी बोलता येत नाही." त्याची आई यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरून त्याला शिकवत आली. मागांच्या खडखडाटात तिचे कान झिजले. तिला या गाडीतून दीक्षाभूमीला न्यायचे, ही त्याची इच्छा. त्यासाठी गाडीभर जाड पत्रे चिकटविण्याचा त्याचा बेत होता.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. यंत्रशास्त्र आमचा विषय नव्हे. परंतु कारणाचा शोध घेतल्यावाचून उपाय करू नये, ही तथागतांची शिकवण कोणत्याही विषयाला लागू पडते. म्हणून आम्ही दोघांनी हा प्रश्न अभ्यासाला घेतला. त्या अभ्यासाचे सार येथे मांडीत आहोत.

आवाजाचे मूळ

एका संथ गतीने जाणाऱ्या मोटारीत साधारण ताशी 50 कि.मी.च्या पुढे इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांचाच आवाज वरचढ होतो. तो दोन वाटांनी आत शिरतो. पहिली वाट धातूची : रस्त्याचा खडबडीतपणा टायर, चाक, सस्पेन्शन यांतून सांगाड्यात जातो आणि तळाचे पत्रे ढोलासारखे थरथरतात. हा खालच्या पट्टीचा घुमारा होय. दुसरी वाट हवेची : टायरच्या नक्षीत दबून सुटणाऱ्या हवेचा वरच्या पट्टीचा सळसळाट काचा, दारे आणि फटी यांतून येतो. शिवाय टायरच्या पोकळीतील हवाही बासरीतील हवेप्रमाणे घुमते. सेकंदाला सुमारे 200 ते 250 कंपनांचा तो स्वर असतो. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा असल्या, तर त्यात आणखी एका शिटीसारख्या सुराची भर पडते.

वेगवान गाडीच अधिक गोंगाटी का?

कारण तिचे गुण हेच तिच्या आवाजाचे कारण आहेत. वळणावर पकड हवी म्हणून टायर रुंद आणि त्यांची बाजू बुटकी; त्यामुळे धक्का गिळायला रबर थोडे. चालकाच्या हाताला रस्ता कळावा म्हणून सस्पेन्शन कडक, सांध्यांतील रबरी बुशही टणक. वजन कमी हवे म्हणून आवाज अडविणारे अस्तर कमी. 1973 सालच्या पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 या गाडीत तर वजन वाचविण्यासाठी ध्वनिरोधक अस्तर काढले आणि काचाही पातळ बसविल्या. तेथे शांतता बुद्ध्याच सोडून दिली होती.

येथेच त्या विद्यार्थ्याच्या बेतातील उणीव दिसते. आवाज 10 डेसिबलने उतरला, की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. परंतु आवाज अडविणाऱ्या पडद्याचे वजन दुप्पट केले, तरी लाभ होतो फार तर 6 डेसिबलचा. म्हणजे केवळ जाडीच्या बळावर आवाज निम्मा करायचा, तर पडदा तिपटीहून जड हवा. मग ती स्पोर्ट्स कार उरणार नाही.

उपायांचा क्रम

पहिला उपाय टायरचा. झिजून कंगोरे आलेला टायर, चुकीचे हवेचे प्रमाण किंवा खराब बेअरिंग असेल, तर अस्तर लावूनही व्यर्थ. नवे टायर घेताना आतून फोमचा पट्टा चिकटविलेले टायर मिळतात. तो फोम पोकळीतील घुमारा शोषतो. युरोपात 2012 पासून टायरच्या लेबलावर आवाजाचा आकडा छापतात. मात्र तो रस्त्याकडेला मोजलेला आवाज असतो, गाडीच्या आतील नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

दुसरा उपाय फटींचा. दाराच्या एकूण क्षेत्रफळाचा केवळ शंभरावा भाग उघडा असेल, तर उरलेले दार कितीही भक्कम असो, आवाजाची घट 20 डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून दारांचे रबर आणि तळातील बुचे आधी तपासावीत.

तिसरा उपाय अस्तराचा. चाकांवरील कमानी, तळ आणि मागील भाग येथे थरथरणाऱ्या पत्र्यावर ब्युटिल रबराचे पत्रे लावावेत. पत्रा पूर्ण मढविण्याची गरज नाही; मधला थरथरता भाग झाकला तरी बरेच काम होते. हे पत्रे कंपन मारतात, हवेतील आवाज अडवीत नाहीत. वरच्या पट्टीचा आवाज शोषण्यास नमदा किंवा फोम लागतो. प्रत्येक व्याधीला तिचे औषध.

चौथा उपाय विज्ञानाच्या ताज्या वाटेवरचा. आवाजाला उलट लहर भेटवून तो शमविण्याच्या कल्पनेचे पेटंट पाउल ल्यूग यांना 1936 साली अमेरिकेत मिळाले. आज काही मोटारी चाकांजवळचे कंपन टिपून स्पीकरमधून तशी लहर सोडतात. ही युक्ती खालच्या पट्टीपुरती उपयोगी पडते.

प्रत्येक उपायानंतर तोच रस्ता, तोच वेग आणि बंद काचा ठेवून मोबाईलवर आवाज मोजावा. अनुभवाच्या कसोटीवर उतरेल तेच स्वीकारावे. आणि सर्व आवाज मारू नये. रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आलाच पाहिजे.

शांतता कोणाची?

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबता येत नाही. सीझरच्या काळात, इ.स.पू. 45 च्या सुमारास, रोममध्ये दिवसा मालगाड्यांना मनाई झाली. गाड्या रात्री धावू लागल्या. पुढे जुव्हेनल या कवीने तक्रार नोंदविली, की या नगरीत झोप केवळ धनवंतांना परवडते. आजची मोटार तेच करते : आत बसणाऱ्यासाठी आवाज अडविते, बाहेरच्या वस्तीसाठी तो तसाच ठेवते. युरोपच्या नियमांतही रुंद टायरांना अधिक आवाजाची मुभा आहे. टायर शांत केला, तर मात्र आतल्याचे आणि बाहेरच्याचेही भले होते. म्हणून आम्ही त्या उपायाला पहिले स्थान देतो.

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकत असताना रामजी सुभेदार त्यांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. दिवसाची शांतता त्या खोलीला परवडणारी नव्हती. ती रात्रीतून काढून घ्यावी लागे. आमच्या शाळेतही सायंकाळच्या अभ्यासवेळी मौन पाळले जाते, ते शिक्षा म्हणून नव्हे. ज्यांच्या घरी ते मिळत नाही, त्यांना ते मिळावे म्हणून.

त्या विद्यार्थ्याने जाड पत्र्यांचा बेत सोडला. टायर बदलले, एका दाराचे फाटलेले रबर नवे बसविले, चाकांच्या कमानींना अस्तर लावले. मोजमापात फरक थोड्याच डेसिबलचा दिसला. पण दीक्षाभूमीहून परतल्यावर त्याचा फोन आला : "सर, वाटेत आई बोलत होती. मागांच्या शेडमधल्या गोष्टी सांगत होती. मी पहिल्यांदाच ऐकल्या."

आमच्या मते अभ्यास सार्थकी लागला.