झेंडा पडला, आता हात बघा!

अंपायरने दोन्ही हात वर केले की आपण "सिक्सर!" म्हणून ओरडतो. अमेरिकन फुटबॉलमध्येही रेफ्रीने दोन्ही हात सरळ वर केले की प्रेक्षक स्टेडियम डोक्यावर घेतात, आणि गंमत म्हणजे तिथेही सहाच गुण मिळतात! त्याला म्हणतात टचडाऊन. हा खेळ टीव्हीवर लागला की आपण चॅनल बदलतो. पण रेफ्रीचे हात वाचता आले तर अर्धा खेळ तिथेच समजतो.

आधी मूळ नियम. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याने चार प्रयत्नांत, म्हणजे चार 'डाऊन'मध्ये, १० यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार डाऊन. पलीकडच्या टोकाला एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊन. कोणी नियम मोडला की पंच पिवळा झेंडा टाकतात. १९४१ मध्ये यंग्सटाऊन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांनी ही पद्धत आणली. आधी पंच भोंगा वाजवायचे, तो गोंगाटात ऐकूच यायचा नाही. आपल्या भाषेत, नॉईज फार म्हणून सिग्नल बदलला!

एनएफएलमध्ये मैदानावर सात पंच असतात. पांढरी टोपीवाला मुख्य रेफ्री. त्याच्या काही खुणा पाठ करून ठेवा :

१) दोन्ही हात कमरेवर – ऑफसाइड. दंड ५ यार्ड.
२) छातीसमोर हात एकमेकांभोवती गोल फिरवणे – फॉल्स स्टार्ट, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातलाच कोणीतरी आधी हलला. ५ यार्ड.
३) एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरणे – होल्डिंग. चेंडूवाल्या संघाने केलं तर १० यार्ड.
४) डोक्यावर मनगटावर मनगट मारणे – पर्सनल फाऊल. १५ यार्ड.
५) डोक्यावर तळहात जोडणे (आपला नमस्कारच!) – सेफ्टी. बचाव करणाऱ्या संघाला २ गुण.
६) दोन्ही हात आडवे इकडून तिकडे हलवणे – पास हुकला, किंवा दंड नाकारला. हो, ज्याच्यावर अन्याय झाला तो संघ फायदा नसेल तर दंड नाकारू शकतो!

आता प्रश्न असा, की दोन पंचांनी दोन वेगळ्या खुणा केल्या तर?

२४ सप्टेंबर २०१२, सिएटल विरुद्ध ग्रीन बे. नेहमीचे पंच मालकांशी करारावरून वाद असल्यामुळे बाहेर, बदली पंच मैदानात. ग्रीन बे १२-७ ने पुढे आणि शेवटचा पास. एंड झोनमध्ये दोन्ही संघांचे खेळाडू एकाच चेंडूला चिकटलेले. एका पंचाने हात सरळ वर केले, शेजारच्याने डोक्यावर हात हलवून नुसतं घड्याळ थांबवलं! नियम असा, की दोघांनी चेंडू एकदमच पकडला तर तो पास टाकणाऱ्या संघाचा. पण एकदमच पकडला का, यावरच तर भांडण. रिप्लेनंतरही टचडाऊन कायम राहिला आणि सिएटल १४-१२ ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी लीगने मान्य केलं, की त्याआधी सिएटलच्या खेळाडूने केलेल्या धक्क्यावर झेंडा पडायला हवा होता. तसं झालं असतं तर सामना तिथेच संपला असता. दोनच दिवसांत नेहमीच्या पंचांशी करार झाला!

म्हणूनच चांगले पंच हात वर करण्याआधी एकमेकांच्या नजरेकडे बघतात. खूण ही फक्त आउटपुट. आत एकमत नसेल, तर सगळ्या खुणा पाठ असूनही उपयोग काय?